फोर बाय फोर असूनही गाडी चिखलात का अडकते? पुढच्या ॲक्सलला लॉकर घ्यावा का, आणि घेतला तर कोणता?

जुलैचा रविवार. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला वळायचं, तळ्याचा रस्ता धरायचा आणि पुढे कुठल्यातरी वाडीकडे चढणाऱ्या कच्च्या वाटेवर गाडी घालायची. रायगडच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. लाल माती साबणासारखी होते, तिच्याखाली जांभा असतो आणि वाटेच्या मधोमध पाण्याने कोरलेला चर. चर ओलांडताना गाडी तिरकी होते. पुढचं डावं चाक हवेत, मागचं उजवं चरात. ॲक्सिलरेटर दाबला की ही दोन चाकं गरगर फिरतात आणि जमिनीवर घट्ट टेकलेली बाकीची दोन जागची हलत नाहीत. गाडीच्या मागे मात्र मोठ्या अक्षरांत फोर बाय फोर लिहिलेलं असतं.

घरी आल्यावर मोबाइलवर व्हिडिओ शोधले जातात. बहुतेक व्हिडिओंचं उत्तर एकच असतं: लॉकर लावा, मागेही आणि पुढेही. मागच्याचं ठीक आहे. पण पुढच्या ॲक्सलचा लॉकर हा हौशी माणूस गाडीत करू शकतो त्यातल्या महागड्या बदलांपैकी एक आहे, आणि चुकीचा निवडला तर तो थेट स्टिअरिंगच्या आड येतो.

चार चाकांना ताकद, मग दोनच का फिरतात?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. लहान जीपएवढी गाडी पूर्ण स्टिअरिंग वळवून एक गोल फिरली आणि तिचं पुढचं बाहेरचं चाक ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरलं, तर आतलं चाक साधारण पावणेपाच मीटरच्या वर्तुळात फिरतं. एका फेरीत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा आठेक मीटर जास्त धावतं. दोन्ही चाकं एकाच सळईला जोडलेली असती तर एक टायर घासत गेला असता. ते होऊ नये म्हणून मधे डिफरन्शियल असतं. ते दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं.

इथे एक गैरसमज आहे. ‘सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाते’ असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. अडचण तिथेच आहे. चिखलातल्या चाकाला पकड नसल्यामुळे ते समजा २०० न्यूटन मीटरला घसरायला लागलं, तर पलीकडच्या चाकालाही तेवढेच २०० मिळतात. त्या चाकाखाली कोरडा कातळ असला आणि ते १५०० पेलू शकत असलं, तरी उपयोग नाही. चाक हवेत असेल तर जोर शून्याच्या जवळ, म्हणजे दुसऱ्याचाही शून्याच्या जवळ.

फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल ट्रान्सफर केसने एकमेकांना जोडला जातो. पण प्रत्येक ॲक्सलच्या आत डिफरन्शियल आहेच. म्हणून एका कोपऱ्याचं पुढचं चाक आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक, दोन्ही सुटली की गाडी थांबते.

लॉकर हे डिफरन्शियल बंद करतो. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि ज्याच्याखाली पकड आहे ते चाक जेवढं पेलेल तेवढा जोर घेतं.

शेतकऱ्याला हे माहीत आहे

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला यातलं काही नवीन नाही. बहुतेक ट्रॅक्टरना सीटच्या खाली टाचेजवळ एक छोटं पेडल असतं, डिफरन्शियल लॉकचं. चिखलणी करताना एक मागचं चाक खाचरात रुतून नुसतं फिरायला लागलं की ते पेडल दाबायचं, सरळ पुढे जायचं, सुटलं की पाय उचलायचा. आणि पेडल दाबलेलं असताना वळायचं नाही. लॉकर वापरण्याची सगळी शिस्त या एका सवयीत आहे. लाखभर रुपयांचा लॉकर लावून वळणावर तो चालूच ठेवणाऱ्या शहरी चालकाला ती कुणी शिकवलेली नसते, एवढाच फरक.

ट्रॅक्टरचं हे लॉक मागच्या ॲक्सलवर असतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आधी मागचा, मग पुढचा

कारखान्यातूनच लॉकर लावून येणाऱ्या गाड्या बघितल्या की कंपन्यांचा क्रम दिसतो. मर्सिडीजच्या जी-क्लासमध्ये तीन लॉकची तीन बटणं असतात आणि त्यांवर क्रमांक असतात. आधी मधला, मग मागचा, शेवटी पुढचा. टोयोटाच्या लँड क्रूझर ७० मालिकेत एकच गोल खटका असतो. तो फिरवला की आधी मागचा लॉक लागतो आणि आणखी फिरवला तरच पुढचा. पुढचा एकटा लावायची सोय त्या खटक्यात नाही.

कारण साधं आहे. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. ज्या चाकांवर वजन जास्त, त्यांना पकड जास्त. म्हणून चढताना मागचा लॉकर जेवढं काम करतो तेवढं पुढचा करत नाही. शिवाय मागची चाकं वळवायची नसतात, त्यामुळे ती लॉक झाली तरी स्टिअरिंग बऱ्यापैकी शाबूत राहतं.

मग पुढचा कशाला? कारण पायरीसारखा कातळ समोर आला की मागची चाकं फक्त ढकलतात आणि पुढची चाकं दगडाला थडकून उभी राहतात. पुढचा ॲक्सल लॉक असेल तर ज्या चाकाला धार सापडते ते गाडीचं नाक वर ओढून घेतं. खोल चरातून तिरकं बाहेर पडताना आणि निसरड्या चढावर रिव्हर्स घेतानाही त्याचा फरक जाणवतो, कारण रिव्हर्समध्ये चढताना वजन पुढच्या चाकांवर येतं. अशा जागा तळा तालुक्यात आहेत, पण रोजच्या वाटेवर नाहीत. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया या स्पर्धेत मात्र अशाच जागा मुद्दाम निवडल्या जातात, आणि तिथे उतरणाऱ्या गाड्यांना दोन्ही लॉकर असणं नवलाचं नाही. तिथल्या गाड्या स्पर्धेसाठी बांधलेल्या असतात आणि सोमवारी ऑफिसला जात नाहीत.

भारतात परवडणाऱ्या किमतीत पुढचा लॉकर कारखान्यातूनच लावून मिळणारी गाडी म्हणजे पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा. तिच्यात पुढचा आणि मागचा असे दोन स्वतंत्र लॉक आहेत आणि ते हाताने लिव्हर ओढून लावायचे असतात. कॉम्प्रेसर नाही, वायरिंग नाही. ज्याला पुढचा लॉकर खरंच लागणार आहे आणि ज्याने अजून गाडी घेतलेली नाही, त्याने दुसरी गाडी घेऊन तिचा ॲक्सल खोलण्याआधी गुरखा चालवून बघावी.

पुढच्या ॲक्सलचा लॉकर एवढा नाजूक विषय का?

पहिलं कारण स्टिअरिंग. वर सांगितलेला आठ मीटरचा फरक आठवा. पुढची दोन चाकं लॉक असताना स्टिअरिंग वळवलं तर चाकं वळतात, पण एकाच वेगाने फिरण्याचा हट्ट धरतात. परिणामी गाडी सरळच जाऊ पाहते. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं किंवा हातातून सरळ व्हायला लागतं. एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला खाचरं असलेल्या अरुंद वाटेवर हा प्रकार नको त्या क्षणी होतो.

दुसरं कारण म्हणजे सांधे. मागच्या चाकाला ताकद नेणारा शाफ्ट सरळ असतो. पुढचं चाक वळतं, म्हणून तिथे शाफ्टला सांधा लागतो. नव्या गाड्यांत सीव्ही जॉइंट, जिप्सीसारख्या जुन्या सरळ ॲक्सलच्या गाड्यांत चाकाच्या पोकळीत बसलेला तसाच जॉइंट. चाक जितकं जास्त वळलेलं, तितका हा सांधा कमजोर. ढोबळ हिशेब करून बघा. थारच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन मीटर. पहिला गिअर, फोर लो आणि क्राऊन-पिनियन मिळून तो समजा ४० पट झाला, तर १२,००० न्यूटन मीटर. डिफरन्शियल उघडं असताना हा जोर वाटला जातो आणि सर्वात कमजोर पकड असलेलं चाक घसरून तो सोडून देतं. लॉक असताना एक चाक दोन दगडांत अडकलं, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, आणि पाय ॲक्सिलरेटरवर, की टायर घसरत नाही, तुटतो तो सांधा. कचकन आवाज येतो आणि त्या चाकाची ताकद जाते, तीही जिथून बाहेर काढणं सर्वात अवघड तिथेच.

मोठे टायर लावलेले असतील तर हा धोका वाढतो. चाक जितकं मोठं तितकी त्याची पकड आणि तरफ जास्त.

तिसरं कारण उताराचं. वाट आडवी कललेली असेल तर डिफरन्शियल उघडं असताना एकच चाक घसरतं आणि दुसरं गाडीला धरून ठेवतं. दोन्ही लॉक असताना दोन्ही एकदम घसरतात आणि गाडीचं नाक खालच्या बाजूला सरकतं. पावसाळ्यात डोंगरउताराला कोरलेल्या रस्त्यांवर लॉकर चालू ठेवून जाणं म्हणूनच धोक्याचं.

कोणता घ्यायचा?

बाजारात तीन कुळं आहेत.

एक, हवा तेव्हा लावता-काढता येणारा लॉकर. यात हवेवर चालणारा आणि विजेवर चालणारा असे दोन मुख्य प्रकार. हवेच्या लॉकरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचं नाव सर्वात जास्त घेतलं जातं. बॉनेटखाली छोटा कॉम्प्रेसर असतो, बटण दाबलं की हवा नळीतून डिफरन्शियलमध्ये जाते आणि आतला गिअर लॉक होतो. जमेची बाजू म्हणजे त्याच कॉम्प्रेसरने टायरमध्येही हवा भरता येते, जी कच्च्या रस्त्यावर सतत लागते. वजा बाजू म्हणजे नळी. ती दगडाला घासली, सायलेन्सरजवळ वितळली किंवा आतलं सील गळलं की लॉकर लागत नाही. विजेच्या लॉकरमध्ये कॉम्प्रेसरची कटकट नाही, फक्त वायर आणि कनेक्टर. पण कोकणातली दमट, खारी हवा कनेक्टरला काय करते ते इथल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारा. दोन्हींत निवड करायची तर टायरची हवा कमी-जास्त करणाऱ्याने हवेचा घ्यावा, बाकीच्यांनी ज्या प्रकाराची दुरुस्ती पनवेल-पुण्यापर्यंत कुठेतरी होईल तो.

दोन, आपोआप लागणारा लॉकर. यात डिफरन्शियलच्या मूळ खोक्यातच दातेरी चकत्या बसवायचे स्वस्त प्रकारही येतात. ताकद आली की लॉक, वळणावर एक चाक पुढे धावायला लागलं की कट-कट आवाज करत सुटतो. मागच्या ॲक्सलला लोक तो लावतात आणि टकटकीची सवय करून घेतात. पुढच्या ॲक्सलला तो फक्त एका परिस्थितीत चालून जातो: गाडी पार्ट टाइम फोर बाय फोर असेल आणि डांबरी रस्त्यावर पुढचा ॲक्सल पूर्ण मोकळा होत असेल. फ्री-व्हील हब असलेली जुनी जिप्सी हे त्याचं उदाहरण. हब उघडे असताना पुढचा लॉकर आत आहे हे चालकाला कळतही नाही. पण फोर बाय फोर लावलं की तो तुम्हाला विचारून लागत नाही. ओल्या घाटवळणावर फोर हाय लावणाऱ्याला तो चालणार नाही. आणि चारही चाकांना कायम ताकद जाणारी गाडी असेल तर पुढे आपोआप लॉकर लावणं म्हणजे सरळ संकट.

तीन, लिमिटेड स्लिप. तो पूर्ण लॉक करत नाही, एका चाकाकडून दुसऱ्याकडे थोडा जोर वळवतो. हेलिकल गिअरचा प्रकार पुढच्या ॲक्सलसाठी सभ्य आहे. स्टिअरिंगला फारसा त्रास देत नाही, देखभालही नसते. पण चाक हवेत गेलं की त्याचं काम बरंचसं संपतं. अशा वेळी हलका ब्रेक दाबून त्याला ‘पकड आहे’ असं फसवता येतं. तळ्याच्या वाटांवर ज्याला चिखल आणि खडी जास्त भेटते, चाक हवेत क्वचित जातं, त्याला हा प्रकार पुरेल. व्हिडिओंमध्ये तो फारसा दिसत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

थोडक्यात, पुढच्या ॲक्सलला खरा लॉकर हवाच असेल तर बटणावर लागणारा. स्वस्त पडतो म्हणून आपोआप लागणारा घेणं ही पुढच्या ॲक्सलवर केलेली चुकीची काटकसर.

तुमच्या गाडीत आधीच काय आहे?

२०२० च्या थारमध्ये काही व्हेरियंटना मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की ते आपोआप लागतं. काही व्हेरियंटमध्ये मात्र ब्रेकवर चालणारी यंत्रणाच आहे. गाडीच्या कागदांवर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये नेमकं काय आहे ते बघा. शोरूमच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. थार रॉक्समध्ये मागे विजेवर लागणारा लॉक मिळतो. जिमनीला पुढे-मागे सरळ ॲक्सल आहेत, पण लॉकर नाही. तिथे ब्रेकची यंत्रणा आहे.

ही ब्रेकची यंत्रणा स्वस्तातली युक्ती आहे आणि चांगली युक्ती आहे. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक गाडी स्वतःच आवळते, त्या चाकाला जोर लागतो, म्हणजे डिफरन्शियलच्या नियमाने पलीकडच्यालाही तेवढाच जोर मिळतो. मर्यादा एवढीच की आधी चाक थोडं फिरावं लागतं आणि ब्रेक तापतात. अनेक जण चाक फिरायला लागलं की घाबरून पाय काढतात आणि यंत्रणा काम सुरू करायच्या आत गाडी थांबवतात. पाय एकसारखा धरून दोन-तीन सेकंद थांबलं तर बऱ्याच गाड्या बिनलॉकरच्या निघतात. लॉकरचे पैसे मोजण्याआधी एकदा मोकळ्या जागी हे करून बघण्यासारखं आहे.

पुढचा सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या गाड्यांमध्ये, म्हणजे थारसारख्यांत, चाक खाली लोंबकळलं की सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो. वर लिफ्ट किट लावलं असेल तर तो आणखी वाढतो. अशा गाडीला पुढचा लॉकर लावताना लिफ्ट जितकी कमी तितकं बरं.

गॅरेजमध्ये पैसे देण्याआधी

लॉकर आपल्या गाडीच्या नावाने मागू नका, ॲक्सलच्या मापाने मागा. शाफ्टवरचे दाते किती, क्राऊनचं माप काय, क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर काय. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक हे बदलतं. पेटी उघडल्यावर दाते जुळत नाहीत असं कळलं तर परदेशातून मागवलेला माल परत जात नाही. आयात शुल्क आणि मजुरी धरून एका ॲक्सलचा खर्च सहज लाखाच्या पुढे जातो.

बसवणाऱ्याला एकच गोष्ट विचारा: क्राऊन-पिनियनचा बॅकलॅश कशाने मोजणार? हा दोन गिअरमधला मोकळेपणा सहसा ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा लागतो आणि तो डायल गेजनेच मोजता येतो. दातांवर रंग लावून घासाची खूणही बघितली जाते. ‘हाताला कळतं साहेब’ असं उत्तर आलं तर गाडी परत घ्या. चुकीचा बसवलेला क्राऊन आधी हुंकारतो आणि मग दात गाळतो.

कायद्याचा भागही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. नोंदणीपत्रात डिफरन्शियलचा रकाना नसतो, पण लॉकरसोबत येणारे मोठे टायर आणि लिफ्ट हा वेगळा विषय आहे. वॉरंटी आणि विम्याचं काय होईल ते लेखी विचारून घ्या.

आणि लॉकर जिथे काहीच करत नाही

मांदाड खाडीच्या काठच्या चिखलात गाडीचं पोट टेकलं की चारही चाकं मोकळी फिरतात. तिथे तीन लॉकर असले तरी चार खड्डे जास्त वेगाने खणले जातील. भरतीची वेळ जवळ असेल तर गाडी गेलीच समजा. गुळगुळीत टायरना लॉकर म्हणजे दोन चाकं एकदम घसरवण्याची सोय. खवळलेल्या ओहोळात गाडी तरंगायला लागली की पकडीचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून तळ्यासारख्या भागात वर्षातून दहा-बारा वेळा जाणाऱ्यासाठी खर्चाचा क्रम असा असायला हवा: चांगले चिखलाचे टायर, चेसिसला पक्के बसवलेले पुढचे-मागचे हुक, ओढण्याचा पट्टा आणि सोबत दुसरी गाडी. मग मागचा लॉकर. एवढं करूनही वारंवार अडकत असाल तर पुढचा. उलट, पावसाळ्यातही वाडीवर माल किंवा माणसं न्यावीच लागतात अशा पिकअपवाल्याला तो हौशी माणसापेक्षा आधी लागू शकतो. त्याच्याकडे ‘आज नको, पुढच्या रविवारी जाऊ’ हा पर्याय नसतो. त्यातही लॉकर असलेली गाडी चाकं कमी फिरवते, म्हणजे वाट कमी उकरते. रविवारी आलेल्या गाड्यांनी गरगर फिरवून पाडलेल्या चरांतून सोमवारी शाळेची मुलं चालत जातात, हे कुठल्याही व्हिडिओत दिसत नाही.

लॉकर बसवून झाल्यावर पहिली चाचणी चढावर नव्हे, गॅरेजच्या सपाट फरशीवर करा. मागच्या चाकांना ओट लावा, हँडब्रेक ओढा, पुढचा ॲक्सल स्टँडवर घ्या, फोर हाय लावा, इंजिन बंद. लॉकर बंद असताना एक पुढचं चाक हाताने फिरवलं तर दुसरं उलट्या दिशेने फिरलं पाहिजे. हवेचा असेल तर टाकीत हवा भरून आणि विजेचा असेल तर चावी चालू करून लॉकर लावा. आता एकही चाक फिरता कामा नये. पुन्हा सोडा, पुन्हा उलटं फिरलं पाहिजे. हवेच्या लॉकरमध्ये लॉक लावून दहा मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर मधे मधे पुन्हा सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती मे महिन्यातच शोधायची असते.